शेडमधले उंदीर : आधी वाट बंद करा, औषधाचं नंतर बघू



दिवाळीच्या आगेमागे आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी-मळणी होते आणि घरालगतची शेड भरते. मोटारसायकल, धानाची पोती, ढेप, तणीस, फवारणीचा पंप, सगळं एकाच छपराखाली. शेतं रिकामी झाली की उंदरांनाही हीच जागा सोयीची वाटते. ते पोती फोडतात आणि गाडीच्या वायरी कुरतडतात. त्यांच्या मागावर सापही घरापर्यंत येतो.

मग आपण लगेच दुकानातून औषध आणतो. पण घरातल्या लहान उंदराची मादी तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वियायला लागतात. खाणं आणि वाट उघडी असेल, तर मेलेल्यांची जागा भरायला वेळ लागत नाही. म्हणून आम्ही सांगतो तो क्रम असा.

पहिलं, वाट बंद करा. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो. दाराच्या खालच्या फटीला पत्र्याची पट्टी ठोका. भिंतीतल्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. नुसती माती किंवा चिंध्या तो एका रात्रीत उकरतो.

दुसरं, खाणं उचला. बियाण्याचं धान चांगलं वाळवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवा. ओलसर धान कोठीत भरलं तर बुरशी लागते. बाकीची पोती फळ्यांवर ठेवा आणि भिंतीपासून हात-दीड हात दूर, म्हणजे मागे झाडता येतं आणि लेंड्या लगेच दिसतात. तणीस शेडबाहेर रचा.

तिसरं, पिंजरे लावा. उंदीर मोकळ्या जागेतून न जाता भिंतीच्या कडेनं पळतो, म्हणून पिंजरा भिंतीला लागूनच हवा. एक लावून भागत नाही, गटातल्या चार-पाच घरचे पिंजरे एकत्र आणा. आमिषाला भाजलेले शेंगदाणे किंवा सुकी मासोळी. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, तेव्हा दोन-तीन रात्री चाप न लावता नुसतं आमिष ठेवा. तो निर्धास्त झाला की चाप लावा.

लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा, दहा मिनिटं थांबा, हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार होतो. हातापायाला जखम असेल तर तो लवकर शिरतो.

आता औषधाचं. काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाईड. पोटात गेल्यावर तिचा विषारी वायू होतो आणि त्यावर उतारा नाही. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्यांमधूनही तसाच वायू सुटतो. त्या राहत्या घरात किंवा घराला लागून असलेल्या शेडमध्ये कधीच ठेवू नका. ट्यूबमधलं पिवळ्या फॉस्फरसचं मलम तर फार फसवं. पोटात गेल्यावर माणूस एक-दोन दिवस बरा दिसतो, आणि तोवर यकृत बिघडत असतं. जिथं पोरं खेळतात, कोंबड्या-शेळ्या फिरतात, तिथं ही तिन्ही नकोत. भाकरीला लावून ठेवलेलं विष पोराला भाकरीच दिसतं.

तरीही कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका. दूध, तूप, तेल पाजू नका. त्रास दिसत नसला तरी 108 ला फोन करा आणि औषधाचं पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठा.

एका घरानं शेड बंद केली की उंदीर शेजारच्या घरी जातात. तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीत एक दिवस ठरवा आणि आळीतल्या सगळ्या शेडची भोकं त्याच दिवशी बुजवा. मळणीच्या आधी केलं तर सगळ्यात बरं.