रात्रीचा पुदिन्याचा चहा: झोप उडेल की नाही, हे पाकिटावरून कसं ओळखाल?

नागपूर म्हटलं की ऊन आठवतं, पण इथली थंडीही काही कमी नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचं किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत खाली आलं होतं. अशा रात्री आणखी एक कप गरम चहा हवासा वाटतो आणि मग बारा वाजले तरी डोळा लागत नाही. त्यावर उपाय म्हणून अनेक जण पुदिन्याचा चहा घेतात. मात्र यात एक गोम आहे.

चहाने झोप का उडते?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफिन या अडेनोसिनची जागा अडवतं. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून कमी व्हायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे रात्री ९ वाजता घेतलेल्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन २ वाजताही अंगात असतं.

पुदिन्यात कॅफिन असतं का?

नाही. पुदिना, तुळस, आलं, गवती चहा यांपैकी कशातच कॅफिन नसतं. पण 'पुदिना ग्रीन टी'मध्ये असतं, कारण ग्रीन टी चहाच्याच झुडपाची पानं असतात. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही स्पष्ट केलं, की 'चहा' हा शब्द फक्त या झुडपापासून बनलेल्या उत्पादनांसाठीच वापरता येईल. त्यामुळे पाकिटावरचं नाव बघून थांबू नका, मागची घटकांची यादी वाचा. तिथे चहापत्ती किंवा ग्रीन टी लिहिलेलं असेल, तर त्यात कॅफिन आहे.

पुदिना थंड, मग थंडीत कसा चालतो?

पुदिन्याच्या काही जातींत, विशेषतः पेपरमिंटमध्ये, मेन्थॉल भरपूर असतं. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, म्हणून गार वाटतं. शरीराचं तापमान उतरत नाही. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं तेही यामुळेच. सर्दी त्याने बरी होत नाही, पण गरम वाफेने आराम मिळतो.

कसा करायचा?

पुदिन्याची १०-१२ पानं धुऊन हाताने चुरडा, त्यावर कपभर उकळतं पाणी ओता आणि ५ मिनिटं झाकून ठेवा. झाकण नसेल तर सुगंधी तेल वाफेबरोबर उडून जातं. हवं तर आल्याचा तुकडा घाला.

कोणी जपून घ्यावा?

छातीत जळजळ होत असेल, तर पुदिन्याने, विशेषतः पेपरमिंटने, ती वाढू शकते. अंगात लोह कमी असेल, तर तो जेवणाबरोबर घेऊ नका, कारण त्यातल्या पॉलिफेनॉलमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. जेवणानंतर तास-दीड तासाने घेतलेला बरा.