नांदुऱ्याचा जीबी आणि मलावीचा जीबी

२०२१ साली मोबाइलच्या एक जीबी डेटासाठी मलावीत सरासरी २५ डॉलर मोजावे लागत होते, विषुववृत्तीय गिनीत जवळपास ५० डॉलर, सोमालियात ६० सेंट आणि सुदानात त्याहूनही कमी. हे आकडे ‘केबल’ या ब्रिटिश दरतुलना कंपनीने त्या वर्षी केलेल्या जागतिक पाहणीतले आहेत. त्याच यादीत भारताचा दर ६८ सेंट, म्हणजे पन्नास रुपयांच्या आसपास होता. एकाच खंडातल्या दोन देशांत ऐंशीपट फरक पडतो, ही गोष्ट केवळ गरिबीने समजावता येत नाही. सोमालिया काही विषुववृत्तीय गिनीपेक्षा श्रीमंत नाही. उलट विषुववृत्तीय गिनीजवळ तेलाच्या विहिरी आहेत आणि समुद्रकिनाराही.

हा फरक कुठून येतो, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावावरून नीट समजते. नांदुरा मुंबईहून रेल्वेने सुमारे सव्वापाचशे किलोमीटर आत, मलकापूर आणि शेगाव यांच्या मधले स्टेशन. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. तरीही इथल्या बाजारातल्या दुकानात जो रिचार्ज मारला जातो, त्याचा दर मुंबईतल्या किनाऱ्यावरच्या माणसाइतकाच असतो. आफ्रिकेत समुद्र नसलेले सोळा देश आहेत. त्यांतल्या बहुतेकांना हे भाग्य नाही.

देशादेशांमधला इंटरनेटचा जवळजवळ सगळा व्यवहार समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून होतो. त्यांची टोके ज्या गावात वर येतात, तिथून पुढे जमिनीवरची फायबर ती वाहतूक आत नेते. मुंबई हे असे गाव फार जुन्या काळापासून आहे. १८७० मध्ये एडनहून आलेली तारायंत्राची समुद्री तार मुंबईलाच पोचली. १९९७ मध्ये युरोप आणि आशिया जोडणारी ‘फ्लॅग’ ही फायबर केबल इथे उतरली आणि त्यानंतर एकामागून एक अनेक आल्या. मुंबईहून आत येणारी वाटही तयारच होती. वऱ्हाडच्या कापसावर डोळा ठेवून टाकलेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला, तो नांदुऱ्यावरूनच जातो. २००० साली रेल्वे मंत्रालयाने रेलटेल ही कंपनी काढली आणि देशभर रुळांच्या कडेने फायबर टाकली गेली. महामार्गांच्या कडेने इतर कंपन्यांनी टाकली. नांदुऱ्यावरून मुंबई-हावडा रेल्वे जाते आणि सुरत-कोलकाता महामार्गही. एकीकडची केबल तुटली तरी वाहतूक दुसरीकडून वळवता येते. मुख्य म्हणजे या सव्वापाचशे किलोमीटरच्या वाटेत देशाची हद्द कुठे लागत नाही.

चाडची राजधानी एन्जामेना समुद्रापासून सरळ रेषेत हजार किलोमीटरहून दूर आहे, आणि मधे कॅमेरून हा दुसरा देश आहे. तिथली फायबर दुसऱ्याच्या मुलखातून येते, दुसऱ्याच्या कंपनीच्या दराने आणि परवानगीने. मलावी, झांबिया, युगांडा, बुरुंडी यांची हीच अडचण. प्रत्येक हद्दीवर एक नवा मालक आपला हिस्सा घेतो आणि त्याच्याशी भांडायला दुसरी वाट हाताशी नसते.

पण किनारा असला म्हणजे झाले असेही नाही. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याने ‘सॅट-३’ ही केबल सुरू झाली. तिची मालकी बहुतांशी त्या त्या देशाच्या सरकारी दूरसंचार कंपन्यांकडे होती, आणि एका देशात तिचा एकच विक्रेता असे. केबल दारात आली तरी दर उपग्रहाच्या काळातलेच राहिले, कारण दर उतरवण्याची गरजच कुणाला नव्हती. पूर्व किनाऱ्याला तर २००९ पर्यंत मोठी केबलच नव्हती. केनियातली इंटरनेट कंपनी उपग्रहावरून थोडीशी क्षमता महिन्याला हजारो डॉलर मोजून घेत असे. जुलै २००९ मध्ये ‘सीकॉम’ ही खासगी केबल सुरू झाली. मोम्बासा, दार-एस-सलाम, मापुटो आणि दक्षिण आफ्रिका यांना जोडणाऱ्या या केबलचे एक टोक मुंबईला आहे. त्याच वर्षी ‘टीम्स’ आणि पुढच्या वर्षी ‘इझी’ आली. एकाच किनाऱ्यावर तीन विक्रेते उभे राहताच केनियात घाऊक दर कोसळले. केबलची संख्या आणि तिच्या मालकांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दरावर दुसरीचा परिणाम जास्त होतो.

भारताने हा धडा स्वतःच्या खिशातून घेतला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. डायल-अप जोडणीचे २५० तास, वेग सेकंदाला ९.६ किलोबिट, आणि खासगी ग्राहकाला आकार ५,००० रुपये. या वेगाने तासाभरात जेमतेम सव्वाचार एमबी उतरतात. म्हणजे २५० तास अखंड वापरले तरी हाती येणार एक जीबीच्या आसपास. पाच हजारांना एक जीबी, आणि सेवा मोजक्या महानगरांत. नांदुऱ्यातून जोडणी करायची तर त्यावर एसटीडीचे मीटर वेगळे पडले असते. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेटसेवेची परवानगी मिळाली, २००२ मध्ये परदेशी वाहतुकीतली विदेश संचारची मक्तेदारी संपली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने मोफत डेटा देत बाजारात उडी घेतल्यावर उरलेले दरही कोसळले.

इथिओपियाने हे दार फार उशिरा उघडले. तिथे ऑक्टोबर २०२२ मध्ये सफारीकॉम या कंपनीची सेवा राष्ट्रीय पातळीवर सुरू होईपर्यंत सरकारी इथिओ टेलिकॉमला प्रतिस्पर्धीच नव्हता. सोमालियात उलटे घडले. यादवीत सरकारी कंपनीच उरली नाही आणि त्या पोकळीत अनेक खासगी कंपन्या एकमेकींशी झुंजत वाढल्या.

केबलनंतरचा मोठा खर्च टॉवरचा. बुलढाणा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २६८ माणसे राहतात. नामिबियात जेमतेम तीन. टॉवरचा खर्च मात्र दोन्हीकडे पुरता करावाच लागतो, तो थोड्या ग्राहकांत वाटला गेला की प्रत्येकाच्या वाट्याला जास्त येतो. नायजेरियात विजेचा भरवसा नसल्याने असंख्य टॉवर डिझेलवर चालतात, आणि त्या डिझेलची किंमत शेवटी डेटाच्या पॅकमध्येच मिसळते. वर सरकारी कर असतात. युगांडाने २०१८ मध्ये समाजमाध्यमे वापरण्यासाठी दिवसाला २०० शिलिंगांचा कर लावला आणि २०२१ मध्ये तो काढून थेट डेटावर १२ टक्के कर बसवला. ज्या सेवेची देशाला सर्वांत जास्त गरज, तिच्यावरच बोजा टाकण्याचे हे धोरण समर्थनीय नाही.

नियामकाने मनावर घेतले तर काय होते, हे दक्षिण आफ्रिकेत दिसले. २०१६ मध्ये तिथे ‘डेटा मस्ट फॉल’ ही मोहीम उभी राहिली. स्पर्धा आयोगाने चौकशी करून डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला आणि एप्रिल २०२० मध्ये व्होडाकॉम या मोबाइल कंपनीचा महिनाभराचा एक जीबीचा पॅक १४९ रँडवरून ९९ रँडवर आला. या आयोगाचे एक निरीक्षण फार महत्त्वाचे होते: छोटे पॅक घेणाऱ्या गरिबाला प्रत्येक एमबीमागे श्रीमंतापेक्षा जास्त पैसे पडतात.

ही तक्रार नांदुऱ्यालाही परकी नाही. जुलै २०२४ मध्ये भारतातल्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. त्यात ४२ जीबी मिळतात, म्हणजे जीबीला सात रुपये. हिशेबाने हे जगात स्वस्तच. पण ज्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पोराशी बोलायचे आणि बाजारभाव पाहायचे, इतकेच काम आहे, त्या शेतमजुराला ४२ जीबी नको असतात. त्याच्या हातून जातात ते २९९ रुपये, सात नव्हे. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने जीबीचा दर नव्हे, तर उत्पन्नातला वाटा हे माप धरले: प्राथमिक पॅकचा खर्च माणशी सरासरी मासिक उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आत असावा. आफ्रिकेतले बरेच देश या मापात बसत नाहीत. भारत सरासरीने बसतो, मात्र सरासरीपेक्षा कितीतरी कमी कमावणाऱ्या घरात हा वाटा दोन टक्क्यांवर थांबत नाही, आणि घरात दोन मोबाइल असले की रिचार्जही दोन लागतात.