गाडीचा पिकअप नेमका मोजायचा कसा? डॅशबोर्डवरचं छोटं यंत्र आणि त्यामागचं गणित

कानात हेडफोन घालायला वेळ नाही, पण वाचायला आहे, अशांसाठी हा आजचा एपिसोड लिहून काढलाय.

गाडी नवी असो की सेकंडहँड, आपल्याकडे पहिला प्रश्न मायलेजचा: "किती देते?" दुसरा पिकअपचा. मायलेजचं उत्तर आकड्यात मिळतं. पिकअपचं उत्तर मात्र "एक नंबर" किंवा "चढाला जरा मार खाते" एवढंच. मी दिवसभर कोड लिहितो. ज्याला आकडा नाही, त्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. म्हणून आज पिकअपचा आकडा काढू, तोही स्वस्तात.

यंत्र मोजतं काय?

अमेरिकेत १९९० च्या दशकात जी-टेक प्रो नावाचं एक छोटं यंत्र आलं. काचेला चिकटवायचं, वायर सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायची आणि गाडी पळवायची. इंजिनला हात लावायचा नाही, चाकाला काही जोडायचं नाही. तरी ते सांगायचं की शून्यापासून ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९७ किलोमीटर, गाठायला किती सेकंद लागले.

हे कसं शक्य आहे? एसटीत दांडा न धरता उभे राहा. बस सुटली की तुम्ही मागे जाता. ड्रायव्हरने जितका जोरात पाय दिला, तितके जास्त मागे. यंत्रातल्या चिपमध्ये सिलिकॉनचा अगदी बारीक ठोकळा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर असाच उभा असतो. गाडी पुढे गेली की तो मागे सरकतो, आणि किती सरकला त्यावरून वेगवाढ कळते. या चिपला ॲक्सेलरोमीटर म्हणतात. एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवायलाही अशीच चिप लागते, आणि स्क्रीन आडवी-उभी फिरवायला तुमच्या मोबाइलमध्येही ती आहेच.

आता लक्षात घ्या, या चिपला वेग कळतच नाही. तिला कळते फक्त वेगवाढ. वेग काढायला यंत्र सेकंदाला कितीतरी वेळा वेगवाढ वाचतं आणि बेरीज करत जातं. बँकेच्या पासबुकासारखं: प्रत्येक एन्ट्री जमा होते आणि शेवटी बॅलन्स निघतो. पण प्रत्येक एन्ट्रीत दहा पैसे जास्त पडले तर? शंभर एन्ट्रींनंतर दहा रुपये जास्त.

गाडीत हे दहा पैसे येतात कुठून? जोरात ॲक्सेलरेटर दाबला की गाडीचं नाक वर होतं, मागची बाजू खाली बसते. त्यामुळे यंत्रही तिरकं होतं आणि गुरुत्वाकर्षणाचा थोडा हिस्सा त्याला वेगवाढ वाटतो. फक्त १ अंश तिरकेपणा धरा. चूक येते ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ऐकायला काहीच नाही. पण १२ सेकंद जमा होत गेली की वेगात ताशी ७ किलोमीटरहून जास्त फरक पडतो, तोही गाडी जास्त वेगवान दाखवणारा!

मग जीपीएस, की ओबीडी?

जीपीएसमध्ये ही साचत जाणारी चूक नाही. उपग्रहाच्या सिग्नलची वारंवारता गाडीच्या वेगामुळे किंचित बदलते, त्यावरून वेग थेट काढता येतो. अडचण एवढीच की मोबाइलचं जीपीएस साधारण सेकंदाला एकदाच आकडा देतं. ज्या चाचणीत अर्ध्या सेकंदावरून भांडणं होतात, तिथे हे कमी पडतं. म्हणून या कामासाठीची वेगळी यंत्रं सेकंदाला दहा किंवा जास्त वेळा वाचन घेतात.

तिसरा पर्याय ओबीडी डाँगल. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि ब्लूटूथने मोबाइलशी बोलतो. साधा डाँगल काहीशे रुपयांत मिळतो. पण तो वेग पूर्ण किलोमीटरमध्येच देतो, दशांश नाहीत, आणि स्वस्त डाँगल सेकंदाला मोजकीच वाचनं देतो. वरून तो गाडीने स्वतः सांगितलेला वेग. चाक जागेवर फिरलं तरी त्याला गाडी पळतेय असंच वाटतं.

आणि स्पीडोमीटर बघून स्टॉपवॉच? नको. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचं नाही, थोडं जास्त चालतं. खरा वेग १०० असताना काटा ११४ पर्यंत असू शकतो. म्हणजे काट्यावरचे १०० खऱ्या १०० च्या आधीच येतात.

शून्य ते शंभर आपल्या कामाचं आहे का?

फारसं नाही. ते आकडे बहुतेकदा एकटा ड्रायव्हर, कमी सामान आणि सपाट कोरडा ट्रॅक अशा थाटात काढलेले असतात. अमेरिकेत तर गाडी पहिला एक फूट हलल्यावर घड्याळ सुरू करायची जुनी रीत आहे, तिथेच साधारण पाव सेकंद वाचतो.

आपला खरा प्रश्न ओव्हरटेकचा. दोन पदरी रस्ता, पुढे १० मीटर लांब ट्रक ताशी ५० ने चाललाय, तुम्ही त्याच्या मागे ५० ने. आधी १५ मीटर अंतर, नंतर १५ मीटर अंतर आणि तुमची ४ मीटरची गाडी धरली, तर ट्रकपेक्षा ४४ मीटर जास्त कापायचे. गाडीची वेगवाढ १.२ असेल तर लागतात साधारण साडेआठ सेकंद. तेवढ्यात तुम्ही जाता १६० मीटरच्या पुढे. समोरून कोणी ८० ने येत असेल तर तो येतो १९० मीटर. म्हणजे साधारण ३५० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा, आणि हे अगदी काठावरचं गणित.

आता गणपतीला गावी चाललाय. गाडीत पाच जण, डिकी भरलेली. एकट्याने चालवताना १०७० किलो असलेली गाडी झाली १४०० किलो. इंजिन तेच, वजन ३० टक्के जास्त, म्हणून वेगवाढ घसरते ०.९ वर. तोच ओव्हरटेक आता घेतो जवळजवळ दहा सेकंद आणि मागतो ४०० मीटर. फरक ४५ मीटरचा, म्हणजे चार एसटी एकामागे एक उभ्या केल्या एवढा. एसी आणि चढ यात धरलेलेच नाहीत. रोज एकट्याने ऑफिसला जाताना जो अंदाज डोळ्यांत बसलेला असतो, तो त्या दिवशी खोटा ठरतो. पिकअपचा आकडा माहीत असावा तो यासाठी.

मोजायचं कसं?

१. ४० ते ८० चा वेळ घ्या, एकाच गिअरमध्ये, शक्यतो तिसऱ्या. क्लच-गिअरची हातचलाखी मध्ये येत नाही आणि वेगही मर्यादेत राहतो. जिथे मर्यादा कमी, तिथे ३० ते ६० घ्या.

२. रस्ता सरळ, रिकामा, कोरडा हवा. सोबत दुसरा माणूस हवा, स्क्रीन त्याने बघायची. रस्त्यावर शर्यत लावणं गुन्हा आहे, त्यामुळे मित्राच्या गाडीशी तुलना कागदावरच करा.

३. यंत्र घट्ट बसवा. होल्डर हलला की आकडा गेला.

४. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा. माझ्या हॅचबॅकला एका बाजूने ९.१ सेकंद लागले, उलट बाजूने १०.३. डोळ्यांना सपाट दिसणाऱ्या रस्त्याला शंभर मीटरमागे पाऊण मीटरही चढ नसला, तरी एवढा फरक पडतो. सरासरी घेतली की तो बराचसा निघून जातो.

५. एसी, माणसं, टायरची हवा, पेट्रोल की सीएनजी, सगळं लिहून ठेवा. मग एकदा गाडी भरून पुन्हा मोजा.

स्वस्त यंत्राचा आकडा दुसऱ्याच्या यंत्राशी जुळेलच असं नाही, पण स्वतःच्याच जुन्या आकड्याशी छान जुळतो. सहा महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वजनात एक-दीड सेकंद वाढला, तर एअर फिल्टर, टायरची हवा, क्लच बघायला सांगा. मेकॅनिकला "पिकअप गेल्यासारखा वाटतोय" म्हणण्यापेक्षा "४० ते ८० ला ९.७ लागायचे, आता ११ लागतात" म्हणून बघा. बोलणं लगेच मुद्द्यावर येतं.

तुमच्या गाडीचे दोन आकडे, एकट्याचा आणि भरलेल्या गाडीचा, आम्हाला नक्की कळवा. तोपर्यंत पुढचा रस्ता नीट दिसत नसेल, तर ट्रकच्या मागेच राहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!