ब्रिस्टलहून खेड्यात गेलेल्या चार मूर्ती

इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या कॉलेज ग्रीनवर राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी काहींनी तो पाहिलाही असेल. शेजारीच तिथले कॅथेड्रल आहे. त्याच्या उत्तरेकडच्या प्रवेशमंडपासाठी केलेल्या चार दगडी मूर्ती मात्र आज तिथे दिसत नाहीत. त्या दूर यॉर्कशायरमध्ये, ईस्ट हेस्लरटन या खेड्यातल्या सेंट अँड्र्यू चर्चच्या मनोऱ्यावर उभ्या आहेत.

या मूर्ती ग्रेगरी, अँब्रोज, जेरोम आणि ऑगस्टिन या चार आचार्यांच्या. शंख-चक्रावरून आपण विष्णू ओळखतो, तसे हे संतही खुणांवरून ओळखायचे. पोपचा मुकुट ग्रेगरीचा, कार्डिनलची टोपी जेरोमची, बिशपचे उंच टोकदार शिरोभूषण इतर दोघांचे. गंमत अशी, की जेरोम पाचव्या शतकात वारला आणि कार्डिनलांना ती तांबडी टोपी मिळाली तेराव्या शतकात! तरी परंपरेने ती त्याला कायमची चिकटली.

घात झाला तो याच पोपच्या थाटामुळे. सोळाव्या शतकात इंग्लंड पोपपासून वेगळे झाले, तेव्हा चर्चमधल्या असंख्य मूर्ती फोडल्या गेल्या. व्हिक्टोरिया राणीच्या काळात गॉथिक शैलीची आवड परतली, कोनाडे पुन्हा भरू लागले, तशी जुनी भीतीही जागी झाली. १८७४ साली पार्लमेंटने उपासनाविधींना लगाम घालणारा कायदाच केला. १८७६ मध्ये ब्रिस्टलच्या मूर्तींविरुद्ध तक्रारींची पत्रे आली आणि डीन गिल्बर्ट एलियट यांनी मजूर लावून त्या उतरवल्या. बांधकाम समितीने निषेध म्हणून राजीनामे दिले. शिल्पकार जेम्स रेडफर्न याच्या माथी खापर फुटले. तो त्याच वर्षी वारला, चाळिशीही न गाठता.

खरे तर हे चौघे त्या फुटीच्या कितीतरी शतके आधीचे. ग्रेगरीने तर ५९७ साली इंग्लंडमध्ये पोचलेले धर्मप्रचारक धाडले होते. (त्यांचा प्रमुखही ऑगस्टिनच, पण हा ऑगस्टिन वेगळा.) म्हणजे ज्याने इंग्रजांकडे धर्म पाठवला, त्यालाच दारातून काढले.

मूर्तींना आसरा मिळाला तो वास्तुविशारद जी. ई. स्ट्रीट यांच्यामुळे, असे वाटते. कॅथेड्रलचे काम त्यांचे, आणि सर टॅटन साइक्स यांच्या खर्चाने ईस्ट हेस्लरटनचे चर्च उभारणारेही तेच. ते १८७७ मध्ये पूर्ण झाले. आता तिथे नित्य उपासना होत नाही. जुनी चर्चे जपणारा एक न्यास वास्तू सांभाळतो. मनोऱ्यावर चौघे आहेत, मुकुट-टोप्यांसकट.