लक्ष्याचं राहिलेलं देणं

दादा कोंडके १४ मार्च १९९८ रोजी गेले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले ते ऐंशी ओलांडून. दोघांच्या जाण्यानं महाराष्ट्र हळहळला, पण त्या हळहळीत थोडं समाधानही होतं. माणूस आपलं काम पुरतं करून गेला, असं म्हणता येत होतं. १६ डिसेंबर २००४ ला, गुरुवारी, लक्ष्मीकांत बेर्डे गेला तेव्हा तसं म्हणायची सोय नव्हती. वय पन्नास, मूत्रपिंडाचा आजार, मुलं अजून लहान. ज्यांच्या जोडीनं त्यानं वीस वर्षं थिएटरं भरवली ते अशोक सराफ, महेश कोठारे, सचिन पिळगावकर त्याला निरोप द्यायला उभे होते आणि घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसांना हे दृश्य काही केल्या खरं वाटत नव्हतं. या चौकडीला आपण रडताना कधी पाहिलं नव्हतं.

आता वीस वर्षं उलटून गेली. मधल्या काळात बरेच नट आले आणि विस्मरणात गेले. लक्ष्या मात्र गेलेला नाही. या लेखातही तो एकेरीच येईल, कारण अहो-जाहो केलं तर कुणाबद्दल चाललंय ते कळायचं नाही. त्याच्या मरणानंतर जन्मलेली पोरंसुद्धा त्याला लक्ष्याच म्हणतात. एवढं प्रेम मिळालेल्या माणसाचं आपल्याकडे काही देणं राहिलं असेल, असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण ते राहिलं आहे.

गिरगाव, लॉटरी आणि साहित्य संघ

लक्ष्मीकांतचं बालपण गिरगावातलं, कुंभारवाड्याच्या बाजूचं. घरची परिस्थिती बेताची. चार पैसे घरात यावेत म्हणून लहानपणी त्यानं लॉटरीची तिकिटंही विकली. गिरगावातल्या गणेशोत्सवात मंडपापुढच्या स्टेजवर नाटकं व्हायची. नाटकाचं वेड लागलं ते तिथंच. पुढे मुंबई मराठी साहित्य संघात तो नोकरीला लागला. मोठमोठ्या नटांच्या तालमी, प्रयोग आणि विंगेतल्या गमतीजमती त्यानं पगारी माणूस म्हणून जवळून पाहिल्या. अधूनमधून वाट्याला छोटी कामं यायची, ती करायची आणि वाट पाहायची, असं बरीच वर्षं चाललं.

वाट मोकळी झाली ती पुरुषोत्तम बेर्डे यांच्या ‘टूरटूर’नं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या या नाटकात प्रशांत दामले, विजय कदम अशी सगळी नव्या दमाची मंडळी होती. नेहमीच्या दिवाणखान्यातून उठून नाटक थेट सहलीच्या बसमध्ये जाऊन बसलं होतं आणि रंगमंचावर नुसता धुडगूस चालायचा. त्या धुडगुसात प्रेक्षकांची नजर पुन्हा पुन्हा एकाच माणसाकडे वळायची. ‘शांतेचं कार्टं चालू आहे’ आलं आणि लक्ष्मीकांतच्या नावावर नाट्यगृहाबाहेर ‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागू लागला.

रंगभूमीवरचा हा लक्ष्या आपण कायमचा गमावला आहे. त्याला नाटकात पाहिलेले लोक अजूनही सांगतात, ते त्यानं ऐनवेळी घेतलेल्या ॲडिशनबद्दल. समोरचा नट हसू दाबता दाबता पाठ फिरवतोय आणि हा मात्र निर्विकार, ही आठवण अनेकांची आहे. पण प्रयोग त्या रात्रीपुरता असतो. सिनेमा पुन्हा लावता येतो, तो प्रयोग परत लावता येत नाही.

हशा येतो कुठून?

१९८४ च्या ‘लेक चालली सासरला’नंतर १९८५ मध्ये महेश कोठारेंचा ‘धूमधडाका’ आला आणि मराठी पडद्यावरच्या विनोदाची जागा बदलली. दादा कोंडकेंचा विनोद चावट, द्व्यर्थी आणि गावच्या मातीतला होता. कोठारेंचे नायक मोटारसायकलवरून यायचे, खलनायक भडक कपड्यांत यायचे आणि या दोघांच्या मध्ये शहरातला एक गोंधळलेला, भित्रा, पण मनानं स्वच्छ पोरगा असायचा. ‘दे दणादण’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’ अशी रांगच लागली. ‘धडाकेबाज’मध्ये तर बाटलीतला गंगारामही तोच आणि बाटली हातात घेऊन फिरणाराही तोच. पात्राचं नाव काहीही ठेवलं तरी लोक लक्ष्याच म्हणणार, म्हणून लेखकांनीही पुष्कळदा तेच ठेवून टाकलं.

त्याचं काम हुडपणाचं, आरडाओरडीचं होतं असं म्हणणारे तेव्हाही होते. त्यांनी २३ सप्टेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘अशी ही बनवाबनवी’तली पार्वती एकदा आवाज बंद करून पाहावी. हिंदीतल्या ‘बीवी और मकान’वर बेतलेल्या या कथेला वसंत सबनिसांच्या लेखणीनं अस्सल मराठी केलं. पुण्यात भाड्याची खोली मिळावी म्हणून दोघा मित्रांना बायका व्हावं लागतं. सचिनची सुधा सुबक, नाजूक, विश्वास बसावा अशी. लक्ष्याची पार्वती मात्र सतत निसटत असते. पदर सावरतानाही खांदा पुरुषाचाच राहतो. लाजायचं म्हणून मान खाली जाते, पण डोळे वर राहून दार कुठं आहे ते शोधत असतात. डोहाळजेवणाच्या प्रसंगात बायका कौतुक करताहेत आणि मधोमध बसलेल्या पार्वतीच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दोन माणसं दिसतात. एक गर्भारपणाचा लाडिकपणा करणारी बाई, दुसरा हे प्रकरण आता कुठवर जाणार या धास्तीनं अर्धमेला झालेला परशुराम. सोंग वठवणं अवघड खरं, पण सोंग घेणाऱ्याची फजिती सोंगाच्या आतून दाखवत राहणं त्याहून अवघड. ते करताना तो कुठंही दमलेला दिसत नाही.

विनोदी नटाला टायमिंग लागतं, असं सगळेच म्हणतात. लक्ष्याकडे टायमिंग होतंच. पण त्याचा खरा हुकमी एक्का होता भीती. तो घाबरायचा ते मनापासून. शब्द घशात अडकायचा, बुबुळं गरगरायची आणि पाय पळायच्या तयारीत असायचे. आपण सगळेच कधी ना कधी घरमालकाला, साहेबाला, पोलिसाला तसे घाबरलेलो असतो. हिरोला टाळी मिळायची, हशा मात्र लक्ष्याचा असायचा, कारण पडद्यावरच्या त्या गर्दीत आपल्यासारखा दिसणारा तेवढा एकच होता.

मागे राहिलेल्यांचं सुतक

२००४ हे वर्ष मराठी सिनेमासाठी विचित्र होतं. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, ‘श्यामची आई’नंतर तब्बल पन्नास वर्षांनी. तोच चित्रपट भारतातर्फे ऑस्करला गेला. मराठी पडदा गंभीर होऊ लागला, नवे दिग्दर्शक आले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लक्ष्या गेला. ‘बनवाबनवी’तला शंतनू, म्हणजे सिद्धार्थ रे, त्याच वर्षी मार्चमध्ये गेला होता. पुढच्या डिसेंबरात सुधीर जोशी गेले, २०१४ मध्ये घरमालकीण लीलाबाई झालेल्या नयनतारा. तो सिनेमा आज पाहायचा तर एकेका चेहऱ्याला नमस्कार करत पाहावा लागतो. तरी हसू येतंच.

विनोदी नटाचं सुतक कसं पाळतात, हे लक्ष्याच्या चाहत्यांनी दाखवून दिलं. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहून ते भागण्यासारखं नव्हतं. २००७ मध्ये झी टॉकीज सुरू झालं आणि ऐंशी-नव्वदच्या दशकातले हे सिनेमे दुपारी-संध्याकाळी घराघरांत पुन्हा पुन्हा लागू लागले. ज्यांनी ते कधी गणपतीच्या मांडवापुढे रस्त्यावर ताणलेल्या पडद्यावर पाहिले होते, पुढची जागा भरली म्हणून पडद्याच्या मागं बसून उलटे पाहिले होते, त्यांनी आता ते आपल्या पोरांना दाखवले. मग मोबाइल आला. तुकडे कापले गेले, मीम झाली. लिंबू रंगाची साडी, इस्राएलहून येणारं औषध, वारलेले सत्तर रुपये यांचा नुसता उल्लेख झाला तरी चार अनोळखी मराठी माणसं एकमेकांकडे पाहून हसतात. पुण्यात असो, दुबईत असो की न्यू जर्सीत. २३ सप्टेंबर हा आता ‘बनवाबनवी’चा वाढदिवस म्हणून साजरा होतो. १६ डिसेंबरला लोक श्रद्धांजली लिहितात आणि खाली एखादा विनोदी प्रसंग चिकटवतात. यात कुणालाही विसंगती वाटत नाही.

हिंदी प्रेक्षकांनीही त्याला पाहिलं, ‘मैंने प्यार किया’तला मनोहर म्हणून, ‘हम आपके हैं कौन’मधला लल्लू म्हणून. पण तिथं तो घरातला विश्वासू, विनोदी नोकर किंवा मित्र राहिला. पुढे सरकायला जागा मिळाली नाही. मराठी माणूस त्याही सिनेमांत वाट पाहायचा ती सलमानची नव्हे, लक्ष्याची.

चाहत्यांच्या प्रेमानं पुढच्या पिढीवरही ओझं टाकलं. २०१३ च्या ‘झपाटलेला २’मध्ये आदिनाथ कोठारे लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आला. पहिल्या ‘झपाटलेला’तला बाहुला परत आला, बाप मात्र येणार नव्हता. २०१७ मध्ये ‘ती सध्या काय करते’मधून लक्ष्मीकांतचा खरा मुलगा अभिनय पडद्यावर आला, तेव्हा प्रेक्षक त्याचं काम पाहत होते की बापाची लकब शोधत होते, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर गेलेल्या नटाला पडद्यावर पुन्हा उभं करायच्या गोष्टी होतात. चेहरा जमेल, आवाजही जमेल. पण ऐनवेळी समोरच्याची भंबेरी उडवणारी ॲडिशन यंत्र कुठून आणणार?

एक होता विदूषक

आता त्या देण्याबद्दल. १९९२ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे यशाच्या शिखरावर होता. त्या वेळी जब्बार पटेलांनी त्याला ‘एक होता विदूषक’मध्ये घेतलं. पटकथा-संवाद पुलंचे. ‘गुळाचा गणपती’नंतर अनेक वर्षांनी पुलं सिनेमासाठी लिहीत होते. गाणी ना. धों. महानोरांची, संगीत आनंद मोडकांचं. पैसे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचे. कथा आबूराव नावाच्या सोंगाड्याची. तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला, फडावर लोकांना हसवत मोठा झालेला, पुढे सिनेमात गेलेला, पैसा आणि सत्ता यांच्या नादात स्वतःलाच हरवून बसलेला. मधू कांबीकर, निळू फुले, मोहन आगाशे, दिलीप प्रभावळकर, वर्षा उसगावकर असा ताफा. राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला.

आणि प्रेक्षक आले नाहीत. लक्ष्याचा सिनेमा म्हणून जे आले त्यांना हवा तो लक्ष्या तिथं भेटला नाही. बतावणीत मुख्यमंत्र्यालाही चिमटे काढणारा आबूराव दिसला, पण त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत जाणारा थकवा पाहायला कुणाला सवड नव्हती. लक्ष्मीकांतनं ते अपयश मनाला लावून घेतलं आणि तो पुन्हा विनोदी भूमिकांकडे वळला. गंभीर भूमिकेची एवढी मोठी संधी त्याला पुन्हा मिळाली नाही.

पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, ‘झपाटलेला’ आला आणि तुफान चालला. रामदास पाध्यांचा बाहुला, प्रभावळकरांचा आवाज आणि लक्ष्याची भीती. यातला तात्या विंचू अजून पोरांच्या स्वप्नात येतो. या सिनेमाची सगळी गंमत एका गोष्टीवर उभी आहे. लक्ष्या जिवाच्या आकांतानं खरं सांगतोय की हा बाहुला जिवंत आहे, आणि कुणाचाही त्यावर विश्वास बसत नाही. हा काहीतरी गंमत करतोय किंवा याचं डोकं फिरलंय, असंच सगळ्यांना वाटतं. वर्षभरापूर्वी आपण प्रेक्षकांनी त्याच्याशी नेमकं हेच केलं होतं.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत त्यानं पुष्कळ सिनेमे केले. त्यातले कितीतरी सामान्य होते, हे चाहत्यानंही कबूल करावं. तीच धावपळ, तेच गैरसमज, तीच साडी. निर्मात्यांना पोस्टरवर त्याचा चेहरा हवा होता, आपल्याला तोच चेहरा पुन्हा तसाच हवा होता आणि तो देत राहिला. त्याच्या पिढीतल्या अशोक सराफांना आयुष्यानं वेळ दिला. त्यांच्या वाट्याला महाराष्ट्रभूषण आला, २०२५ मध्ये पद्मश्री आली आणि विनोदी नट हा आधी नट असतो हे लोकांनी त्यांच्या हयातीत मान्य केलं. लक्ष्या जगता तर आज सत्तरी ओलांडलेला असता. वय वाढलं की विनोदी नटाला बापाच्या, आजोबांच्या, एकाकी म्हाताऱ्यांच्या भूमिका मिळतात. ‘श्वास’नंतरच्या मराठी सिनेमाला तर अशा नटांची निकड होती. त्या भूमिका त्यानं केल्याच असत्या असं छातीठोकपणे कुणी सांगू नये. पण ‘एक होता विदूषक’ पाहिलेल्याला तशी शंकाही येणार नाही.

चाहत्यांचं प्रेम खोटं होतं असं नाही. उलट ते इतकं खरं होतं की त्यानं लक्ष्याला दुसरं काही होऊ दिलं नाही. आपण त्याची आठवण काढतो तेव्हा नकळत आपलीच आठवण काढत असतो. ती सुट्टी, तो भाड्यानं आणलेला व्हीसीआर, ते हसणारं भरलं घर. त्यात वावगं काही नाही. पण त्या आठवणीत नट म्हणून लक्ष्मीकांत बेर्डे कुठं आहे, हेही एकदा पाहायला हवं.

यंदाच्या दिवाळीतही फराळाची ताटं घेऊन घराघरांत ‘बनवाबनवी’ लागेल. ज्यांना सगळे संवाद पाठ आहेत ते नटांच्या आधी बोलतील आणि घरातल्यांची बोलणी खातील. लागू दे. पण ती पंचविसाव्यांदा पाहणाऱ्यानं ‘एक होता विदूषक’ही मिळेल तिथून मिळवून एकदा, शेवटपर्यंत पाहावा. हसू कमी आलं म्हणून मध्येच उठू नये. १९९२ मध्ये आपण तेच केलं होतं आणि ती उधारी अजून आपल्याच खात्यावर आहे.