जुन्या .३०३ चा दस्ता हलतोय? थेट स्क्रू ड्रायव्हर लावाल तर लाकूड फुटेल

एनसीसी केलेल्यांना .३०३ ची ओळख करून द्यायला नको. तीच ती जड रायफल. मूळची ब्रिटिश ली-एनफिल्ड. तिची १९०७ ची ‘मार्क ३’ आवृत्ती पुढे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही बनली. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांकडे .३०३ होत्या.

आता या जुन्या रायफलींचे दस्ते हलतात. का?

कारण यात पुढचं लाकूड वेगळं आणि खांद्याला टेकवायचा दस्ता वेगळा. सैनिकाच्या अंगकाठीप्रमाणे आखूड किंवा लांब दस्ता बसवता यायचा. दस्त्याचं निमुळतं टोक लोखंडी खोबणीत बसतं आणि दस्त्याच्या आतून गेलेला एक लांब बोल्ट ते आवळून धरतो. वर्षानुवर्षांच्या ऊन-पावसात लाकूड आक्रसतं, पकड सुटते. त्यात शस्त्रागारात, म्हणजे ‘कोत’मध्ये, रायफली उभ्या ठेवतात. वरचं तेल झिरपून दस्त्याच्या गळ्याशी मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

मग मागची झडप उघडून बोल्ट पिळला की झालं? इथेच घात होतो.

मार्क ३ च्या बोल्टचं टोक चौकोनी असतं. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून ते पुढच्या लाकडातल्या एका लोखंडी पट्टीत अडकवलेलं असतं. तसाच बोल्ट फिरवला तर पट्टीही फिरू पाहते आणि लाकूड उभं चिरतं. शंभर वर्षं टिकलेलं लाकूड एका पिळात जातं!

त्यामुळे रायफल रिकामी असल्याची खात्री केली की आधी पुढचं लाकूड उतरवायचं. मग दस्त्यातली चामड्याची चकती काढून लांब, रुंद पात्याच्या स्क्रू ड्रायव्हरने बोल्ट आवळायचा. चौकोनाच्या बाजू शेवटी सरळ उभ्या यायला हव्यात, नाहीतर पट्टी बसणारच नाही. थोडक्यात चुकत असेल तर बोल्टच्या डोक्याखाली पातळ वॉशर घालतात. कोरड्या लाकडाला कच्चं जवसाचं तेल चोळायचं, ब्रिटिश लष्कराची हीच पद्धत होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या ‘नंबर ४’ मॉडेलला ही पट्टीची भानगड नाही. म्हणून तिचा व्हिडिओ बघून मार्क ३ उघडायला जाऊ नका.

आणि हो, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो. रायफल परवानाधारक कारागिराकडेच द्या. देताना एवढंच विचारा, पुढचं लाकूड आधी काढणार ना?