जुन्या वेलींची सनद

एका हाताला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीची व्यसनमुक्तीची शिकवण आणि दुसऱ्या हाताला वर्धा नदी ओलांडताच लागणारा दारूबंदीचा मुलूख, अशा तिवशाच्या माणसाने शिराझ नामक द्राक्षासवाविषयी लिहावे, हे काहींना अनुचित वाटेल. परंतु ज्याच्या आजोबांचे आयुष्य संत्र्याच्या झाडांची सल काढण्यात गेले, त्याला पेल्याच्या आधी बाग दिसते; आणि नव्या झाडाचे फळ जाडसालीचे व पुरत्या वयाच्या झाडाचे पातळसालीचे, रसाळ, हे आजोबांचे निरीक्षण द्राक्षवेलीला कितपत लागू पडते, हे कुतूहल त्याला स्वस्थ बसू देत नाही.

शिराझ हे नाव इराणातील नगराचे असले, तरी आनुवंशिक परीक्षणाने या वाणाचे मूळ आग्नेय फ्रान्समध्येच असल्याचे निश्चित केले आहे. जेम्स बझबी याने १८३२ साली युरोपातून ऑस्ट्रेलियात ज्या काड्या नेल्या, त्यांत हा वाणही होता. आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील बरोसा खोऱ्यात १८४३ साली लावलेल्या मानल्या जाणाऱ्या काही वेली आजही फळतात. युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त करणारी फायलोक्सेरा ही मुळांवरची कीड त्या प्रांतात शिरलीच नाही, म्हणून हे दीर्घायुष्य. तरीही १९८० च्या दशकात द्राक्षांचे भाव कोसळले, तेव्हा तेथील सरकारने मोबदला देऊन वेली उपटविल्या, आणि कित्येक शतायुषी खोडे सरपणाला गेली! पुढे २००९ मध्ये बरोसाने वेलींच्या वयाची सनदच काढली : पस्तीस वर्षांची ती ‘जुनी’, सव्वाशे वर्षांची ती ‘पूर्वज’.

वृद्ध वेलीची मुळे खोल, घड थोडे, मणी लहान. त्यामुळे तिचे मद्य गडद, कषाय आणि काहीसे कोपिष्ट असणार, असा सर्वसाधारण समज. तो मला अपुरा वाटतो. फळ उन्हात पुरते पिकू दिले, साली रसात बेताचाच काळ ठेवल्या आणि नव्या ओकच्या पिंपाचा सोस आवरला, तर त्याच वेलीपासून जांभूळ-करवंदांची आठवण देणारे, मागाहून मिऱ्याचा किंचित झणका सोडणारे, प्रथमच चाखणाऱ्यालाही परके न वाटणारे मद्य होते. हा झणका उपमेपुरता नव्हे : काळ्या मिऱ्यातला रोटंडोन हाच गंधद्रव्याचा अंश शिराझमध्येही आहे, असे २००८ साली सिद्ध झाले.

आपल्याकडे नारायणगावी श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात मद्यनिर्मितीचा पाया घातला; नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाचे पहिले मद्य २००० साली आले, आणि २००१ मध्ये राज्याने या उद्योगास उत्तेजन देणारे धोरण आखले. दिंडोरीच्या परिसरातील शिराझ आता नावाजली जाते. परंतु आपल्या उष्ण हवेत वेलीला हिवाळ्याची निद्रा नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा ओसरल्यावरची फळछाटणी, असे वर्षातून दोनदा तिला कामाला जुंपावे लागते, आणि घड घटू लागले की बागाईतदार बाग काढून टाकतो. त्यात उद्योगाला मंदी आली, तेव्हा वाइनची द्राक्षे उपटून पुन्हा खाण्याची लावणारेही अनेक निघाले. त्यांना दोष कसा द्यावा? सोसायटीचे कर्ज वेलीचे वय पाहत नाही.

शतकारंभी लावलेल्या ज्या थोड्या वेली कुऱ्हाडीतून वाचल्या असतील, त्या बरोसाच्या मापाने २०३५ च्या सुमारास ‘जुन्या’ ठरतील. तोवर त्यांच्या ओलांड्यांवर छाटणीच्या सत्तर खुणा उमटलेल्या असतील.